गावाचे कागद गावातच टिकावेत

प्रति,
महाराष्ट्रातील शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे

विषय : गावोगावची जुनी वृत्तपत्रे, पत्रे आणि छायाचित्रे यांचे जतन



गावाचा रोजचा इतिहास मुख्यतः तीन प्रकारच्या कागदांत साठलेला असतो : गावात निघणाऱ्या वृत्तपत्रांत, घराघरांतल्या पत्रांत आणि छायाचित्रांत. नळाचे पाणी कधी आले, प्लेगच्या साथीत लोक कोणत्या माळावर झोपड्या बांधून राहिले, मुलींची शाळा कुणाच्या ओसरीवर भरली, गिरणी बंद पडल्यावर माणसे कुठे गेली, या प्रश्नांची उत्तरे राज्यकर्त्यांच्या चरित्रांत सापडत नाहीत. जिल्हा गॅझेटियरमध्ये लोकसंख्या, पिके, रस्ते आणि देवळे यांची नोंद मिळते; त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या माणसांची सुखदुःखे, भांडणे, हौस आणि हिशेब तिथे मिळत नाहीत. ते साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर, पाव आण्याच्या पोस्टकार्डावर किंवा स्टुडिओतल्या पडद्यापुढे काढलेल्या फोटोच्या मागच्या बाजूला लिहिलेले असतात.

हे कागद सांभाळण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे त्या गावाचे जुने ग्रंथालय. महाराष्ट्रात अशा संस्थांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. या संस्था सरकारी आदेशाने निघाल्या नाहीत. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून त्या चालवल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्यांच्या अनुदानाला कायद्याचा आधार दिला, पण त्यांची सभासद यादी, त्यांची इमारत आणि गावाचा त्यांच्यावरचा विश्वास त्याआधीपासूनचा आहे. घरातले जुने कागद परक्या शहरातल्या कार्यालयात द्यायला लोक कचरतात. ज्या वाचनालयात आजोबा रोज वर्तमानपत्र वाचायला जात, तिथे ते देण्याची त्यांची तयारी असते.

आधीच्या पिढ्यांनी घालून दिलेला धडा

कागद गोळा करण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची आणि बळदांतली दप्तरे त्यांनी धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात छापले गेले.

या पिढीचे मुख्य लक्ष मराठेशाहीच्या राजकारणाकडे होते आणि ते स्वाभाविक होते. त्या काळी अठराव्या शतकातील कागद नष्ट होण्याच्या मार्गावर होते; एकोणिसाव्या शतकातले वृत्तपत्र ही तेव्हा कालपरवाची गोष्ट होती. आज एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सबंध विसावे शतक त्याच अवस्थेत आले आहे. फरक इतकाच की राजवाड्यांच्या काळातले मोडी कागद चिंध्या आणि तागापासून हाताने केलेल्या टिकाऊ कागदावर होते आणि रुमालांत बांधलेले होते. विसाव्या शतकातले कागद यंत्रावर तयार झालेले, आम्लयुक्त आणि सुटे आहेत. ते आधीच्या कागदांपेक्षा लवकर नाहीसे होणार आहेत.

मूळ कागद का राखावा लागतो, याचे एक ठळक उदाहरण मराठीत आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतील आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण त्या वेळच्या राजकीय परिस्थितीमुळे आणि संपादकीय दृष्टीमुळे तिच्यात फेरफार झाले होते. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले होते, म्हणूनच १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांना मूळ संहिता वाचकांपुढे आणता आली. छापील पुस्तक निघाल्यावर हस्तलिखिताचे काम संपले, असे समजून ते टाकून दिले असते, तर एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिलेले झाशी आणि ग्वाल्हेर त्याच्या स्वतःच्या शब्दांत कधीच वाचता आले नसते.

वृत्तपत्रे : एकेका फायलीवर टिकलेला इतिहास

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’, पुण्याहून १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाले. मोठ्या नावांच्या या पत्रांबरोबरच जिल्ह्याच्या आणि संस्थानांच्या गावी शेकडो लहान साप्ताहिके निघाली. काही दोन वर्षे चालली, काही पन्नास. सावंतवाडीचे ‘वैनतेय’, बडोद्याचे ‘जागृति’, बेळगावचे ‘तरुण भारत’ यांसारख्या पत्रांमुळे मुंबई-पुण्याबाहेरचे मराठी जीवन छापील रूपात उतरले.

अशा पत्रातला अग्रलेख सर्वांत आधी वाचला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या आजूबाजूचा मजकूर अधिक सांगतो. नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत, बाजारभाव, पावसाचे आकडे, शाळेचा निकाल, नाटक मंडळीच्या मुक्कामाची जाहिरात, जमिनीच्या जाहीर नोटिसा, हरवलेल्या बैलाची खबर, मृत्यूच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे हे सगळे एकत्र वाचले की गावाची एका आठवड्याची हालचाल उभी राहते. जाहिरातींवरून शिवणयंत्र, सायकल, चहा आणि औषधी तेले कोणत्या वर्षी कोणत्या पेठेत पोहोचली हे कळते. दुष्काळाच्या वर्षी ज्वारीचा भाव आठवड्यागणिक कसा चढला, हे अहवालाच्या वार्षिक सरासरीतून दिसत नाही. साप्ताहिकाच्या सलग अंकांतून दिसते.

इथेच फायलीच्या सलगतेचे महत्त्व आहे. सुटा अंक ही एक आठवण असते. सलग फाइल हा पुरावा असतो. बातमीला पुढच्या अंकात आलेले उत्तर, खुलासा, दुरुस्ती किंवा माफी जोडीने वाचली तरच तिची किंमत ठरवता येते. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र, पण त्याची संपूर्ण फाइल एके ठिकाणी उपलब्ध नसल्याने त्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना तुकड्यांवर काम करावे लागले. उलट ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे मिळाले तेवढे अंक जपले गेले, म्हणून १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाला वसंत मून यांच्या संपादनाखाली ते पुनर्मुद्रित करता आले आणि १९२० च्या दशकातला तो आवाज नव्या वाचकांपर्यंत पोहोचला.

नियतकालिके कुठेतरी जमा होतच असतील, हा समज पुरेसा खरा नाही. १८६७ च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्याने छापील मजकुराची नोंद सरकारकडे होऊ लागली. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यात १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही समावेश झाला आणि कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालये यांना अंक पाठवण्याची जबाबदारी प्रकाशकांवर आली. एका माणसाच्या जोरावर चालणाऱ्या तालुक्याच्या साप्ताहिकाने प्रत्येक अंक चार शहरांना नियमाने पाठवला असेल, असे गृहीत धरता येत नाही. शंकर गणेश दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची पाहिली की नाव उरले आणि अंक दुर्मीळ झाले, अशी किती पत्रे आहेत याची जाणीव होते.

ग्रंथालयाच्या नेहमीच्या कामकाजात मात्र या अंकांना सर्वांत खालची जागा मिळते. पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, वर्तमानपत्राला नसतो. महिना-दोन महिने वाचनकक्षात राहून अंक गठ्ठ्यात जातात आणि वर्षअखेर निर्लेखनाच्या यादीत येऊन रद्दीत निघतात. लोकप्रिय कादंबरीच्या प्रती राज्यभर शेकडो कपाटांत असतात. गावातल्या साप्ताहिकाची एकमेव फाइल त्या एका ग्रंथालयात असते. जी वस्तू दुसरीकडे कुठेही नाही तिला आधी जागा द्यायची, हे सूत्र स्वीकारले तर निर्लेखनाचा क्रम पूर्णपणे बदलतो.

पत्रे : घराच्या आतला इतिहास

१ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. पाव आण्यात ते देशात कुठेही जात असे. पुढच्याच वर्षी टपाल खात्याकडून मनीऑर्डरची सोय झाली. या दोन सोयींनी कोकण आणि घाटावरच्या खेड्यांचा मुंबईच्या गिरणगावाशी संसार बांधून ठेवला. गिरणीत किंवा गोदीत काम करणारा माणूस महिन्याला पैसे पाठवी आणि कुपनाच्या अरुंद जागेत शेतसारा, बैलाची खरेदी, आजारपण, गणपतीला येण्याची तारीख असे मोजके लिही. लिहिता न येणाऱ्यांसाठी पोस्टमन, शिक्षक किंवा शेजारचा मुलगा पत्र लिहून देई आणि वाचूनही दाखवी. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसांचे बोलणेही या कागदांत उतरले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा परिणाम अहवालांतून कळतो. संप लांबल्यावर गावाकडच्या घरात काय घडले, हे त्या वर्षांच्या पत्रांतून आणि थांबलेल्या मनीऑर्डरींतून कळते.

पत्राचे दुसरे मोल त्याच्या तारखेत आहे. आठवणी पुढे कधीतरी लिहिल्या जातात आणि नंतरच्या ज्ञानाने रंगतात. पत्र त्या दिवशी लिहिलेले असते आणि लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ मधील तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी शेवटचे दुष्काळाच्या काळात जुन्नर भागातून लिहिलेले आहे. तीनच पत्रे, पण नायगावच्या माहेरातल्या माणसांची वागणूक, गावातला रोष आणि दुष्काळातले मदतकार्य यांचा उलगडा त्यांतून जसा होतो, तसा नंतरच्या गौरवग्रंथांतून होत नाही. ज्यांचे नाव इतिहासात गेले नाही, अशा बायकांची पत्रे घराघरांत ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. माहेरचे पत्र, बाळंतपणाची खबर, नर्सिंग किंवा शिक्षिकेच्या नोकरीसाठी शहरात एकटी राहणाऱ्या मुलीचे घरी आलेले पत्र यांतून विसाव्या शतकातल्या मराठी बाईचे जगणे तिच्याच अक्षरात वाचता येते.

पत्रे जमा करताना ज्या क्रमाने ती घरात ठेवलेली होती तो क्रम मोडू नये. एका लिफाफ्यातली पत्रे, त्यासोबतची पावती, लग्नपत्रिका, वाणसामानाची यादी हे एकमेकांना अर्थ देणारे कागद असतात. ‘महत्त्वाचे’ निवडून बाकीचे परत करणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पुढच्या अभ्यासकाला कोणता प्रश्न पडेल हे आज ठरवता येत नाही. वाण्याची यादी त्याला थोरांच्या सहीपेक्षा मोलाची वाटू शकते. लिफाफा आणि त्यावरचा टपालाचा शिक्काही पत्राइतकाच जपावा, कारण अनेक पत्रांवर वर्ष लिहिलेले नसते आणि ते शिक्क्यावरूनच ठरते.

छायाचित्रे : मागच्या बाजूचे चार शब्द

छायाचित्रण मुंबईत फार लवकर आले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होते. पुढे कोरड्या काचप्लेटा आल्या, खर्च कमी झाला आणि जिल्ह्याच्या गावी स्टुडिओ उघडले. लग्नाआधी मुलीचा फोटो, नोकरी लागल्यावर मुलाचा फोटो, शाळेचा वर्ग, तालमीतले पैलवान, भजनी मंडळ, सहकारी सोसायटीचे संचालक असे गावातल्या हर प्रसंगाचे चित्र त्या स्टुडिओत जमा होत गेले. दुकानांच्या पाट्या, पोशाख, दागिने, वाहने, घरांची बांधणी, नदीचा घाट आणि तोडलेली झाडे अशी लेखनात न आलेली माहिती छायाचित्रात आपोआप टिपली जाते.

छायाचित्राला भाषा मात्र बाहेरून द्यावी लागते. नाव, ठिकाण आणि अंदाजे वर्ष नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी इतिहासासाठी मुका राहतो. फोटोतली माणसे ओळखणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. त्यामुळे कागद दुरुस्त करण्याआधी माणसांना विचारणे, हाच कामाचा खरा अग्रक्रम आहे. ज्येष्ठ नागरिकांना बोलावून फोटो दाखवावेत, ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावे आणि ओळख पटलेल्या व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने वेगळ्या कागदावर नोंदवावीत. फोटोच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पुढे पसरते.

बंद पडलेल्या स्टुडिओंच्या काचप्लेटा आणि निगेटिव्ह हा धोक्यात असलेला मोठा साठा आहे. काचप्लेटा एकावर एक आडव्या न रचता कागदी पाकिटांत घालून कडेवर उभ्या ठेवाव्यात. जुन्या फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असा उल्लेख आहे का ते पाहावे. नसेल तर ती नायट्रेट फिल्म असण्याची शक्यता असते आणि ती झटकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा अमोल साठा नष्ट झाला. असे निगेटिव्ह ग्रंथालयाच्या कपाटात इतर कागदांबरोबर कधीही ठेवू नयेत. ते वेगळे काढून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी ॲसिटेट फिल्मही इतरांपासून दूर ठेवून तिची प्रतिमा आधी उतरवून घ्यावी.

कागद का मरतो

वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यातले लिग्निन प्रकाश आणि हवेमुळे पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि कागद घडीवर तुटू लागतो. १८५० च्या आसपासचा चिंध्यांचा कागद आज हाताळता येतो आणि १९५० चा अंक बोटांखाली चुरा होतो, याचे कारण हेच. त्यात कसर, वाळवी आणि झुरळे यांची भर पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा बुरशीला पोषक असते. पूर्वी पोथ्या सांभाळणारे वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवत. त्यांचा कीटकांविरुद्ध काही उपयोग होतो, पण खरा उपाय खेळती हवा, भिंतीपासून आणि जमिनीपासून सोडलेले अंतर, उन्हाची तिरीप न येणारी खोली आणि दर महिन्याला होणारी पाहणी हाच आहे.

पाणी हा सर्वांत मोठा शत्रू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा अनेक घरांचे संग्रह वाहून गेले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला मोठा फटका बसला. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २००५ चा पूरही सोसला होता. नदीकाठच्या प्रत्येक ग्रंथालयाने दुर्मीळ कागद वरच्या मजल्यावर हलवणे, हे कोणत्याही स्कॅनर खरेदीपेक्षा आधीचे काम आहे. कागद भिजलेच तर साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. ते उन्हात टाकू नयेत. सावलीत, पंख्याखाली, कोरे टिपकागद मधेमधे घालून वाळवावेत. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत.

चांगल्या हेतूने केलेले नुकसानही कमी नसते. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही आणि आतले आम्ल आपले काम करतच राहते. चिकटपट्टी काही वर्षांत तपकिरी डाग सोडते. टाचण्या आणि स्टेपल गंजतात. १९७० आणि १९८० च्या दशकांतील चिकट पानांचे अल्बम फोटो गिळून टाकतात. साध्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या, सुती दोरी आणि स्वच्छ सुती कापडाचे रुमाल एवढ्यावर कागदाचे आयुष्य अनेक दशकांनी वाढते.

कामाचा क्रम

जतनाचे काम पाच टप्प्यांत होते आणि त्यांचा क्रम बदलू नये. पहिला टप्पा थांबवण्याचा : स्थानिक वृत्तपत्रे, दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल आणि हस्तलिखिते यांचे निर्लेखन ठराव करून बंद करावे. दुसरा टप्पा यादीचा : कोणत्या पत्राचे कोणत्या वर्षाचे कोणते अंक आहेत आणि कोणते नाहीत, हे साध्या वहीत लिहून काढावे. ही यादी शेजारच्या ग्रंथालयांना, वृत्तपत्रांच्या कार्यालयांना आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांना दिली की एकाची तूट दुसऱ्याकडून भरून निघते. तिसरा टप्पा मांडणीचा : धूळ मऊ ब्रशने काढणे, गंजलेल्या टाचण्या काढणे, पेट्यांत ठेवणे आणि प्रत्येक पेटीला क्रमांक देणे.

चौथा टप्पा प्रती करण्याचा आहे. वृत्तपत्रासाठी इंचाला ३०० ते ४०० बिंदू आणि छायाचित्रासाठी ६०० बिंदू इतकी सूक्ष्मता पुरते. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवून वाचकांसाठी लहान आकाराची प्रत वेगळी करावी. प्रत्येक प्रतिमेच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. हार्ड डिस्कही मरते, म्हणून दर काही वर्षांनी प्रती नव्या साधनांवर उतरवणे आणि त्या उघडतात का ते तपासणे हे कायमचे काम समजावे. स्कॅन झाला म्हणून मूळ अंक टाकून देणे योग्य नाही. अस्पष्ट उतरलेले पान पुन्हा पाहायचे तर मूळच लागते.

पाचवा टप्पा वाचकांसाठी दार उघडण्याचा. जुन्या टायपातला मजकूर यंत्राने वाचताना चुका होतात आणि शिळाछापाचे अंक त्याला जवळपास वाचताच येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या सेवेत सामान्य वाचक घरी बसून जुन्या वृत्तपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर दुरुस्त करतात आणि त्यामुळे तो शोधण्याजोगा होतो. मराठीत निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक आणि मोडी शिकलेले हौशी अभ्यासक यांची मोठी संख्या आहे. त्यांना हे काम देता येते. गोव्यातील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ मधला. तिथे जुनी पोर्तुगीज आणि मराठी वृत्तपत्रे जपून त्यांच्या अंकीय प्रती करण्याचे काम झाले आहे. महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी त्याचा जवळून अभ्यास करावा.

हक्क आणि खासगीपणा

देणगी स्वीकारताना एका पानाचे लेखी संमतिपत्र घ्यावे. कागद कायमचा दिला की प्रत काढून परत न्यायचा, कोणाला पाहू द्यायचा, छापू द्यायचा का आणि काही भाग ठरावीक वर्षे बंद ठेवायचा का, हे त्यात स्पष्ट असावे. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, पण त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. छायाचित्राचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असे; आता तोही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कायद्यापलीकडे सभ्यतेचाही प्रश्न आहे. आजार, कर्ज, घरातले वाद किंवा जातीवरून झालेली अवहेलना पत्रांत येते आणि त्यांतल्या माणसांची मुले-नातवंडे त्याच गावात राहत असतात. असे कागद नष्ट न करता मुदतीसाठी बंद ठेवणे हा उभय बाजूंना न्याय देणारा मार्ग आहे.

कोणाचा इतिहास

आवाहन केले की आधी ज्यांच्याकडे जागा, कपाटे आणि अल्बम होते त्यांचे कागद येतात. वाडे आणि बंगले यांचा संग्रह होतो. वस्ती, चाळ, पाडा आणि पालावरची माणसे पुन्हा बाहेर राहतात. त्यांच्या घरी कागद कमी असतात, पण नसतातच असे नाही. युनियनचे ओळखपत्र, रेशनकार्ड, भीमजयंतीची पत्रके, जलशाची वही, शाळा सोडल्याचा दाखला, बचत गटाची नोंदवही, एकुलता एक लग्नाचा फोटो हेही दस्तऐवज आहेत. कार्यकारी मंडळांनी या वस्त्यांत स्वतः जावे, तिथेच प्रती काढून मूळ कागद लगेच परत करावेत. मुंबईत १९८८ पासून काम करणाऱ्या ‘स्पॅरो’ या संस्थेने स्त्रियांच्या मुलाखती, छायाचित्रे आणि कागद गोळा करून दाखवून दिले आहे की शोधायला निघाले की साधने मिळतात. अल्पसंख्य समाज, स्थलांतरित कामगार आणि गाव सोडून परदेशी गेलेली कुटुंबे यांच्यापर्यंतही हेच निमंत्रण पोहोचले पाहिजे.

मंडळांपुढील विनंती

या कामाला सुरुवातीला मोठा निधी लागत नाही. एक कोरडी खोली किंवा दोन कपाटे, पेट्या, एक नोंदवही, एक जबाबदार व्यक्ती आणि जवळच्या महाविद्यालयातील इतिहास व मराठी विभागांचे विद्यार्थी एवढ्यावर पहिले वर्ष पार पडते. त्यासाठी प्रत्येक ग्रंथालयाने येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चार बाबींचा ठराव मांडावा. स्थानिक साहित्याचे निर्लेखन कायमचे थांबवावे. स्थानिक इतिहासाचे स्वतंत्र दालन किंवा कपाट नेमून त्याची जबाबदारी एका नावावर द्यावी. गावातून आज निघणारे प्रत्येक वृत्तपत्र, पत्रक आणि स्मरणिका यांची एक प्रत आजपासूनच जपून ठेवावी. उपलब्ध अंकांची आणि संग्रहांची यादी वर्षभरात छापून जिल्ह्यातील सर्व ग्रंथालयांना पाठवावी.

शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाकडेही एक मागणी याच सभांतून जावी : ग्रंथालयांचा वर्ग आणि अनुदान ठरवताना पुस्तकसंख्या व सभासदसंख्या यांच्याबरोबर स्थानिक साहित्याच्या जतनाला गुण मिळावेत आणि त्यासाठी पेट्या, प्रती व प्रशिक्षण यांचा वेगळा खर्च मान्य व्हावा. जिल्हा ग्रंथालय संघांनी वर्षातून एक कार्यशाळा घेतली, तर कागद हाताळण्याचे साधे शास्त्र तालुक्यापर्यंत पोहोचेल. जिल्ह्यातील पाच ग्रंथालयांनी मिळून एक स्कॅनर घेतला आणि याद्या एकाच पद्धतीने केल्या, तर काही वर्षांत त्या जिल्ह्याच्या वृत्तपत्रांची संपूर्ण सूची तयार होऊ शकते. ती सूची अभ्यासक, शिक्षक, पत्रकार आणि गावातील प्रत्येक नागरिक यांना मोफत पाहता यावी, हीच या सर्व श्रमांची अखेरची पायरी आहे.



स्थानिक इतिहासाचा एक अभ्यासक